उभी बाटली

१

जयवंताच्या कामातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे काहीही न करणं. रोज सकाळी दहाला ती तळखोलीत उतरायची, थंडाव्याचा काटा बघायची, मांडण्यांवरून बॅटरीचा उजेड फिरवायची आणि कशाला हात न लावता वर यायची. मधुकररावांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाई, या वाइनच्या बाटल्या म्हणजे झोपलेली लेकरं. यांना ऊन नको, उजेड नको, हादरा नको. तुम्ही फक्त बघायचं, कोणी रडत नाही ना."

चौदा वर्षांत कोणी रडलं नव्हतं.

हिंगणघाटात वणा नदीच्या अंगाला मधुकररावांची कापसाची जिन होती. ती बंद पडून बारा-पंधरा वर्षं झाली, पण बंगला कंपाउंडातच राहिला आणि सरकीचं जुनं गोदामही राहिलं. अर्धं जमिनीत गेलेलं, सात पायऱ्या उतरून जायचं. तीच ही तळखोली. त्याच्या भिंतींना मालकानं फळ्या ठोकल्या आणि फळ्यांमागे सरकी काढलेली रुई दाबून भरली. बाहेर मे महिन्यात माती तडकायची आणि आत शाल पांघरावी लागायची. त्या रुईनं आवाजही खाऊन टाकला होता. आत बोललं की शब्द तोंडासमोरच पडायचा. जयवंताला सुरुवातीला तिथं गुदमरायचं, मग तेच आवडायला लागलं. तिच्या उभ्या आयुष्यात शांत अशी तेवढीच एक जागा होती.

भाद्रपद संपत आला होता. त्या गुरुवारी ती पायऱ्या उतरली, काटा पाहिला, बॅटरी फिरवली, आणि उजेड टेबलावर थांबला.

टेबलावर एक बाटली उभी होती.

ज्याला या धंद्याचं काही माहीत नाही त्याला यात विशेष वाटणार नाही. बाटली उभी असायचीच. पण मुरलेल्या वाइनची बाटली वर्षानुवर्षं आडवी निजते, कारण बूच ओलं राहावं लागतं. वाळलं की हवा शिरते आणि सगळं नासतं. ती उभी करतात फक्त उघडायच्या आदल्या दिवशी, वीस-पंचवीस वर्षांचा गाळ हळूहळू बुडाशी बसावा म्हणून. म्हणजे उभी बाटली याचा अर्थ एकच: उद्या कोणीतरी पिणार आहे.

आणि बाटली उभी करायचं काम या घरात जयवंताशिवाय कोणी करत नव्हतं.

तिनं वर जाऊन विचारलं. मधुकरराव आरामखुर्चीत गुडघ्यांना शेक घेत बसले होते. सात पायऱ्या उतरून त्यांना तीन वर्षं झाली होती.

"मी? मला न्हाणीघरापर्यंत जायला काठी लागते, बाई. तुम्हीच केली असेल आणि विसरला असाल."

पन्नाशीला आलेल्या बाईला हे पटवून घेणं सोपं असतं. गॅस बंद केला की नाही, हे पाहायला ती दोनदा मागे फिरायचीच. तिनं खाली जाऊन बाटली पुन्हा आडवी केली. ठेवताना बाटलीला चिकटवलेल्या चिठ्ठीवरचं साल दिसलं. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण आकडे येत होते. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव.

तिचा मुलगा सूरज त्याच वर्षी झाला होता.

२

जयवंता मूळची अल्लीपूरची. तिथल्या लोकांना तिची नोकरी कळली तेव्हा त्यांनी तोंडावर पदर घेऊन हसायचं तेवढं हसून घेतलं. कारण हीच ती बाई, जिनं गावातल्या बायांना घेऊन नाल्यातल्या हातभट्ट्या फोडल्या होत्या. मडकी फोडताना हाताला काच-खापर लागलं तर रक्त न पुसता पुढचं मडकं फोडायची. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे तिला कागदावर ठाऊक होतं. प्रत्यक्षात नवऱ्याला कोणत्या झुडपात कितीला मिळते, हेही ठाऊक होतं.

अंकुश, तिचा नवरा, याच जिनवर सरकीची पोती वाहायचा. या तळखोलीत पोती रचणाऱ्यांत तोही असायचा. एकदा उजव्या हाताची मधली दोन बोटं यंत्रात पेरापर्यंत गेली, आणि तेव्हापासून तो कामाचा राहिला नाही, फक्त पिण्याचा राहिला. प्यायला बसला की त्याची एक सवय होती. पिणारे पहिले थेंब भूमीला देतातच, पण उजव्या हाताची ती बोटंच नव्हती, म्हणून तो डाव्या हाताची करंगळी ग्लासात बुडवायचा आणि तीन वेळा झटकायचा. टिच, टिच, टिच. मग म्हणायचा, "उभी काऊन हायेस? बस." आणि जयवंता बसायची. न बसलं तर काय होतं, हे तिच्या डाव्या कानाला माहीत होतं. त्या कानानं तिला अजून नीट ऐकू येत नाही.

आणखी एक गोष्ट तिनं कधी कोणाला सांगितली नाही. पहिली काही वर्षं त्याला ग्लास भरून तीच द्यायची. तो घरात पितो आहे तोवर रस्त्यात पडणार नाही, असं तिला वाटायचं. दोन हजार नऊ साली तो रस्त्यातच मेला, विषारी माल पिऊन. सूरज तेव्हा अकरा वर्षांचा होता.

मग मालकानं नोकरी दिली. उपकार म्हणून की बोटांची भरपाई म्हणून, हे दोघांनीही कधी बोलून दाखवलं नाही. मालकाकडे तब्येतीच्या नावाचा दारूचा परवाना होता, आणि तो चौकटीत बसवून देवघरासमोरच टांगला होता. गरिबानं प्यायली की ती दारू आणि श्रीमंतानं जपली की तो शौक, हे जयवंताला पहिल्या आठवड्यातच कळलं. पण काम ती मन लावून शिकली. मालक जुन्या बाटल्या विकत घ्यायचे तेव्हा चिठ्ठी नंतर पाहायचे, आधी बाटलीची मान पाहायचे: वाइन मानेत आहे की खांद्याला उतरली. मग ती आधी कोणाच्या घरी होती, कशी ठेवली होती, याची चौकशी. लेक देताना घर पाहतात तशी. जयवंताही हळूहळू मानेवरून ओळखायला शिकली. बूच भुसा झालेलं असलं तरी न तोडता काढायला शिकली. बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती धरून काचेच्या सुरईत एका धारेनं ओतायचं, आणि उजेडात गाळाचं काळं बोट मानेकडे सरकताना दिसलं की हात थांबवायचा. बुडाशी दोन बोटं उरतं ते फेकायचं. मालकांचे पाहुणे म्हणायचे, असा हात नागपुरातल्या हॉटेलातही नाही. चौदा वर्षांत तिनं जिभेला एक थेंब लावला नाही.

अठ्ठ्याण्णवची ती बाटली आणली तेव्हा मालक हसून म्हणाले होते, "ही सूरजच्या लग्नात उघडू. त्याच्या वयाची आहे."

"माह्या पोरानं थेंब घेतला तर मी जित्ती राहनार नाई, मालक," ती म्हणाली होती. मालकांनी पुन्हा विषय काढला नाही.

आता सूरजचं लग्न खरंच ठरलं होतं. तो इथंच सूतगिरणीत फिटर होता. मुलगी कारंज्याची, रक्षा. तिचा थोरला भाऊ हायवेवरच्या ढाब्यांवर पिऊन पिऊन संपला होता. पाहायच्या कार्यक्रमात ती खाली मान घालून बसली नाही. सरळ म्हणाली, "मले घर लहान चालते, सासू कडक चालते. पिनारा चालनार नाई. एक थेंब जरी घेतला तरी मी परत जाईन." जयवंताला वाटलं, उठून पोरीच्या पाया पडावं. सत्तावीस वर्षांचा मुलगा, ढोलताशात नाचतो पण पीत नाही. तिच्या जन्माची कमाई म्हणतात ती तेवढीच.

३

शुक्रवारी बाटली पुन्हा उभी होती.

दाराला एकच किल्ली. मंगळसूत्र उतरवलं त्या गळ्यात जयवंता ती काळ्या दोऱ्यात घालून असायची. रात्री उशाशीही नाही, गळ्यातच. तिनं कुलूप पाहिलं, खिडकी नव्हतीच. तिनं बाटली आडवी केली आणि स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली, "मी आडवी केली. मी, जयवंतानं, शुक्रवारी आडवी केली." शब्द रुईत गेले.

शनिवारी उभी होती. या खेपेस तिनं बॅटरी जवळ नेली. बूच शाबूत होतं, वरचं लाखेचं टोपणही न चिरलेलं. पण वाइन मानेतून खांद्यावर उतरली होती.

"जुनं बूच पाझरतं, बाई," मालक म्हणाले. "आडवी असताना थोडी थोडी गेली असेल. त्यात नवल नाही."

नवल नव्हतं. तिनं असं पूर्वीही पाहिलं होतं. पाझरलेली वाइन बाटलीच्या पोटाखाली साचते, फळीवर लाल डाग पडतो. ती परत खाली गेली आणि मांडणीची फळी चाचपून पाहिली. फळी कोरडी होती.

मग तिनं उजेड जमिनीवर टाकला. टेबलापासून हातभर अंतरावर, शहाबादी फरशीवर तीन थेंब होते. एका रांगेत, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. पाझरलेले थेंब गोल पडतात. हे लांबट होते, झटकल्यासारखे.

तिनं बोट लावून पाहिलं. ओले होते.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. बूच पाझरतं, तिनं मनाशी म्हटलं. बाटली उचलताना थेंब उडतात. मीच उचलली, माझ्याच हातून उडाले. सगळ्याला कारण होतं. फक्त आपण बाटलीच्या डाव्या बाजूला बसलो आहोत, आणि त्या बाजूला आपण का सरकलो, याला कारण नव्हतं. ती तिथं बसली होती, कारण समोरची जागा कोणाची तरी असल्यासारखी तिनं सोडली होती.

त्या खोलीत कधीच आवाज येत नसे. आणि तिचा डावा कान कामाचा नव्हता. तरीही त्याच कानाशी, अगदी जवळ, टिच वाजलं.

४

जिनच्या मागच्या चाळीत आनंदाबाई राहायची. सत्तरीची, खरं बोलून शेजार तोडणारी. जयवंता तिच्या ओट्यावर जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. करंगळीचंही सांगितलं.

आनंदाबाई शेंगा सोलत होती. थांबली नाही. "त्याचं पान ठेवतं का तू पित्रात?"

जयवंतानं सुपातली एक शेंग उचलली आणि परत ठेवली.

"सोळा वर्सं झाले ना त्याले? एकदाबी नाई ठेवलं?"

"त्याच्या पानावर दारू ठेवा लागते, मावशी. प्यायचा त्याले पाजा लागते म्हनतात. म्या शपथ घेतली होती, माह्या हातानं दारू नाई वाढनार."

"आन् मालकाच्या पाव्हन्याइले काय वाढून राह्यली, ताक?"

जयवंताचं तोंड कडू झालं. चौदा वर्षं ती दुसऱ्यांच्या घरी, दुसऱ्यांना, त्याच हातानं ओतून देत होती. आणि तो बाहेर कुठंतरी उपाशी-तहानेला बसून पाहत असेल तर त्यानं काय समजावं? मेल्या माणसाचा तिला राग आला. जिवंतपणी घर खाल्लं आणि आता मेल्यावर हिशेब मागायला आला! आणि रागाच्या पाठोपाठ जुनी भीतीही आली, पाठीत धपाटा बसण्याच्या आधीची.

"उद्या सर्वपित्री हाय," आनंदाबाई म्हणाली. "वाढ आन् मोकळी हो. पोराचं लगन हाय. दारात भुकेला ठेवून लगन करत नसते."

५

रविवारी सकाळी तिनं मालकांना विचारलं.

"अठ्ठ्याण्णवची? ती तर लग्नात..."

"लग्नात नाईच उघडनार, मालक. आजच उघडून संपवतो. तुमी प्या, बाकीची सूरजच्या बापाच्या पानावर ठेवतो."

मधुकररावांनी होकाराची मान हलवली. अंकुशच्या बोटांचं नाव या घरात कोणी घेत नसे, पण त्या दिवशी ते दोघांच्या मध्ये होतंच.

उभी करायची गरज नव्हती. बाटली उभीच होती, कालपासून. गाळ पुरता बसला होता. तिनं लाख कापली, बूच अर्धं भुसा झालेलं होतं, ते दोन बोटांत फिरवत सोडवलं. मेणबत्ती लावली आणि धार सोडली. वाइनचा रंग विटेसारखा झाला होता. वास मात्र ओळखीचा होता. ओल्या मातीचा, जुन्या पोत्यांचा. गाळाचं बोट मानेशी आलं तेव्हा तिचा हात आपोआप थांबला. दोन बोटं बाटलीत राहिलं. बाटली तिनं टेबलावरच ठेवली, सुरई वर नेली. पान घेऊन धावपळीत होती, दाराला कुलूप घालायचं राहून गेलं.

पानावर वडे होते, कढी, खीर, भोपळ्याची भाजी. आणि स्टीलच्या वाटीत वाइन. कंपाउंडच्या भिंतीवर तिनं पान ठेवलं आणि हात जोडले. सूरज नुकताच मोटारसायकलवरून आला होता. तळखोलीच्या पायऱ्यांशी बसला, कारण तिथं सावली होती.

"माय, भूक लागून राह्यली."

"कावळ्यानं शिवू दे मंग."

कावळा लगेच आला. भिंतीवर बसला, पानाकडे पाहिलं, आणि बसूनच राहिला. एकानं वडा उचलायचा, चार जणांनी भांडायचं, अशी ती जात. हा एकटाच होता आणि हलत नव्हता. अर्धा तास गेला. कढीवर साय धरली.

"सारं वाढलं तुमाले," जयवंता हळू आवाजात म्हणाली. "जे नाई वाढायचं तेबी वाढलं. आता काय पायजे?"

कावळा मान वाकडी करून तिच्या पलीकडे, पायऱ्यांकडे पाहत होता.

पित्राला कावळा शिवला नाही की घरच्या माणसानं काहीतरी कबूल करायचं असतं. जमीन सांभाळू, बहिणीला अंतर देणार नाही, जे मनात अडकलं असेल ते. त्यासाठी ठरलेले शब्द असतात. लहानपणापासून ऐकलेले, प्रत्येक घरात म्हटलेले. जयवंताला भूक लागली होती, पोरगं उपाशी होतं, पाठ दुखत होती. तिनं विचार केला नाही. जे सगळे म्हणतात तेच ती म्हणाली.

"कायची फिकर करू नका. सूरज हाय ना. तुमचं जे अपुरं राह्यलं, ते सूरज पुरं करीन."

शब्द तोंडातून गेले आणि कावळा उतरला. वड्याकडे गेला नाही, खिरीकडे गेला नाही. वाटीत चोच घातली, वर काढली आणि झटकली. तीन वेळा. मग उडून गेला.

"शिवला, शिवला!" जयवंताला हसूच आलं. सोळा वर्षांचं ओझं उतरलं असं तिला खरंच वाटलं. डोळे पुसत ती मागे वळली. "चाल बापू, जेव आता."

पायऱ्यांशी कोणी नव्हतं.

६

तळखोलीचं दार लोटलेलं होतं. मोटारसायकल तिथंच होती, चपला पायऱ्यांवर होत्या. थंडाव्याला बसला असेल, तिनं मनाशी म्हटलं. उन्हातून आलं पोरगं. तो यापूर्वी कधी आत गेला नव्हता, तिनंच जाऊ दिलं नव्हतं.

ती एकेक पायरी उतरली. आत मेणबत्ती अजून जळत होती, तीही विझवायची राहिली होती.

सूरज फरशीवर बसला होता, पाठ तिच्याकडे. त्याच्यासमोर अठ्ठ्याण्णवची बाटली होती. हातात पाणी प्यायचा स्टीलचा ग्लास, आणि बाटलीतला गाळ तो त्यात शेवटपर्यंत ओतत होता. उजवा हात बाटलीला धरून होता. त्या हाताची मधली दोन बोटं पेराशी आत मुडपलेली होती.

पोरानं लहानपणी पाहिलं असेल, तिनं मनाला सांगितलं. अकरा वर्षांचा होता. लेकरं पाहतात, लक्षात ठेवतात. मनाला सांगत असतानाच त्यानं डाव्या हाताची करंगळी ग्लासात बुडवली.

टिच. टिच. टिच.

"सूरज," ती म्हणाली. रुईनं नाव गिळलं. "सूरज, ठेव ते. तुले रक्षाची आन हाय."

त्याच्या खिशात फोन वाजायला लागला. शर्टाच्या पातळ कापडातून पडदा उजळला आणि त्यावर रक्षाचा फोटो दिसला, साखरपुड्यातला. फोन वाजत राहिला. त्यानं ग्लास तोंडाला लावला, काळा गाळ शांतपणे गिळला, ओठ मनगटानं पुसले. फोन थांबला.

तो वळला नाही. वळला असता तर तिला लेकराचं तोंड दिसलं असतं, निदान तिला तशी आशा होती. आवाजही सूरजचाच होता. पण बोलला तो तिच्या डाव्या बाजूला, त्या बहिऱ्या कानाशी.

"उभी काऊन हायेस? बस."

जयवंता बसली. गुडघ्यांनी तिला विचारलंच नाही.

मेणबत्तीच्या उजेडात मांडण्यांवरच्या बाटल्या आडव्या निजल्या होत्या, माना सगळ्यांच्या एका दिशेला. बारक्या उजेडात प्रत्येकीत वाइन कुठवर आहे ते तिला दिसत होतं. तिला नको होतं तरी दिसत होतं. चौदा वर्षांची सवय.

"संपली," तो म्हणाला. ग्लास फरशीवर ठेवला. "उद्याची उभी कर."

बाटली आदल्या दिवशी उभी करायची असते, हे सूरजला माहीत नव्हतं. त्याच्यासमोर तिनं या खोलीचा शब्द कधी काढला नव्हता. तिला ओरडायचं होतं. वर मालक होते, चाळीत आनंदाबाई होती, कोणीतरी आलं असतं. तिनं तोंड उघडलंही. पण तिचा डावा कान आतून तापायला लागला, जसा जुन्या दिवसांत धपाट्याच्या आधी तापायचा, आणि तिचे हात मांडणीकडे गेले.

हाताला लागली ती बाटली तिनं काढली. हादरा बसणार नाही अशी अलगद उचलली, चिठ्ठी समोर येईल अशी फिरवली आणि टेबलावर उभी केली.